धांड्यांचं कुंपण

आई,

बांधीतला मका गेला. तुझ्या घरामागच्या बाडीला लागून जी धानाची बांधी आहे, तिच्यात यंदा उन्हाळी धान लावलाच नाही. कालव्याला पाणी सुटणार नाही हे आधीच कळलं होतं, म्हणून मका पेरला आणि वर्षाची सगळी भिस्त त्याच्यावर ठेवली. कणसं धरली आहेत, पण सोलून पाहिलं तर दाणे निम्मेच, तेही चिमलेले.

सुरुवात खालच्या पानांवर झाली. लांबट, दोन्ही टोकांना निमुळते, राखाडी डाग. बाडीतल्या मक्याच्या चार ओळींवर असे डाग दरवर्षी यायचे आणि तू म्हणायचीस, "दव लागलं, दुसरं काय?" मीही तेच म्हणत बसले. ढगाळ दिवस आले तसा करपा पानापानानं वर चढला. कृषी सहायक मुलगी आली. तिनं एका डागावरून बोट फिरवलं, तर काळसर भुकटी लागली. "मावशी, खालच्या पानावर होता तवाच फवारा माराले पायजे होता. आता कनसाच्या वर गेला, आता मारून काई फायदा नाई." मग ती बाडीच्या वाळक्या ताटांच्या कुंपणाकडे बघत राहिली. "हे धांडे मागच्या सालच्या मक्याचे का? रोग त्याच्यातच राहाते, मावशी. दव पडलं का नव्या पिकावर जाते. हे जाळा, बांधी खोल नांगरा, अन् पुढच्या साली मका नको, डाळीचं पीक घ्या, लाखोळी टाका."

मला तुझा राग आला. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण आला. लहानपणी मी एकदा असेच कुंपणाचे धांडे चुलीत घातले होते. तू आलीस, जळता धांडा ओढून काढलास आणि तोच माझ्या पोटरीवर मारलास. "बाडीले कुंपन कायचं करशील? तुया हाडायचं?" संध्याकाळी त्या भाजल्या जागेवर तूच खोबरेल लावलंस. दुसऱ्या दिवशी मला शेजारी बसवून, माझ्या हातावर हात ठेवून, पळसाच्या मुळ्यांच्या दोरीनं धांडे बांधायला शिकवलंस. तू मला इतका वेळ जवळ बसवून घेतल्याचा दुसरा दिवस मला आठवत नाही. म्हणून तर दरवर्षी बांधत आले. कोणी विचारलं की बाडीत बकऱ्या शिरतात म्हणायची.

आज सगळ्या गाठी सोडल्या आणि बांधीच्या कडेला ढीग केला. तू गेलीस त्या वयाच्या मी कधीच पुढे आले आहे, तरी काडी ओढण्याआधी दोनदा मागं वळून पाहिलं. कोणी नव्हतं.

धांडे अजून धुमसताहेत, हा कागदही त्यातच टाकणार आहे. तू मागं उभी असतीस तर मी काडी विझवली असती, आई. करपा राहिला असता तरी चाललं असतं.