उजव्या कडेची खाच

हिंगोली, रविवार, सायंकाळ

माझ्या बायकोची, सुमनची, जुनी विद्यार्थिनी संगीता, आता स्वतः शिक्षिका, आज शाळेसाठी सुमनचा शंख मागायला आली. समुद्रकाठच्या खडकावरील गोगलगाईचा, टोपीसारखा, नखाएवढा. सुमन गेल्यापासून मी तो रोज हातात घेतो. द्यावा का?

मी मुद्दाम विचारले, "हा खऱ्या लिंपेट गोगलगाईचाच ना?"

तिने डोळे मिटून शंखाच्या आतल्या कडेवरून नख फिरवले. सुमन वर्गात असेच करवून घेई. उजवीकडे नख थांबले.

"न्हाई काका, खोटा लिंपेट. ही खाच म्हणजे फुप्फुसात हवा जायची वाट. खऱ्याला कल्ले असतात. परीक्षा काहून घेऊन राहिले?"

समुद्र न पाहिलेल्या मुलींना सुमनने हे शिकवले! शंख दिला. मनापासून दिला ना? माझ्या अंगठ्याचे नख अजून ती खाच शोधते आहे. मान मात्र ताठ आहे.