मार्गशीर्षातला एल्क

१५ डिसेंबर १९८६, ट्रॉय

आमचे बॉस वॉल्टर यांनी उत्तरेच्या जंगलात एल्क मारला. एल्क म्हणजे सांबराचा अमेरिकन थोरला भाऊ. त्यातलं सहा पौंड मांस आज पार्किंग लॉटमध्ये माझ्या हातात ठेवलं. असली वस्तू कोणी कुणालाही देत नाही. ग्रुप लीडरची जागा रिकामी आहे. अर्थ उघड आहे. माझ्याबरोबर कुमारचंही नाव चर्चेत आहे, पण त्याला काही मिळालं नाही. तो शाकाहारी. बिचारा.

शनिवारी वॉल्टर आणि त्यांच्या पत्नी डोरथी यांना जेवायला बोलावलं. स्वतः शिजवणार.

संध्याकाळी. बायको, सुलभा, म्हणाली, मार्गशीर्ष चालू आहे, माझ्या घरात मांस शिजणार नाही. मी ठणकावून सांगितलं, शिजेल. गॅरेजमध्ये.

१७ डिसेंबर

वॉल्टर म्हणाले, जंगली मांसात त्याच मुलखातलं, त्याच मोसमातलं घालावं. आम्हा कोकणातल्या माणसांना हे सांगायला नको. कोकमाऐवजी क्रॅनबेरी, गुळाऐवजी मेपल सिरप, बटाट्याऐवजी सफरचंद. बाकी मालवणी मसाला. अंदाज हाताला असतो. पूर्वानुभव: ऑम्लेट.

१८ डिसेंबर, गुरुवार

सुलभाची पूजा. मांसाचं नाव काढलं नाही. लीडरची केबिन लांबून पाहून आलो. बरी आहे. पडदे बदलीन.

२० डिसेंबर, शनिवार, दुपारी १

मांस गॅरेजमध्ये ठेवलेलं. थंडीने गोठून पार दगड. सुलभाचा हेअर ड्रायर घेतला. विचारलं नाही, कारण ती नाही म्हणाली असती.

३.३० कॅम्पिंगच्या स्टोव्हवर कुकर चढवला. मटणाला पाच शिट्ट्या, तर जंगली जनावराला पंधरा. साधं गणित. उगाच नाही इंजिनियर झालो.

५.०० शिट्टी एक. थंडीचा दोष. लेक लतिका डोकावून 'ग्रॉस', म्हणजे किळसवाणं, म्हणाली. दहा वर्षांच्या पोरीला काय कळतं?

६.३० शिट्ट्या आठ. झाकण काढून पाहिलं. सफरचंदं दिसत नाहीत. पाहुणे आले.

२१ डिसेंबर

एकंदरीत यशस्वी. मांस थोडं काथ्यासारखं झालं, पण चव होती. वॉल्टर एकच घास बराच वेळ चावत होते. मग 'इंटरेस्टिंग' म्हणाले. अमेरिकन माणूस तोंडदेखलं बोलत नाही. डोरथींनी दहीभात घेतला. पाणी पाच ग्लास. त्यांना संकोच वाटू नये म्हणून मी तीनदा वाढून घेतलं. जबडा दुखतो आहे.

२२ डिसेंबर, सोमवार

लीडर कुमार झाला.

एल्क अख्ख्या डिपार्टमेंटला वाटला होता, सफाईवाल्यालासुद्धा. वॉल्टर यांचा डीप फ्रीझर भरला होता आणि डोरथींना त्या मांसाचा वास सहन होत नाही. हे कुमारनेच सांगितलं. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. घरी काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.

चार वाजता वॉल्टर टेबलाशी आले. म्हणाले, शनिवारी तू फार आवडीने खाल्लंस, अजून दहा पौंड आहे, नेतोस का?

'श्योर' म्हणालो.