नवमीची सवाष्ण

१३ सप्टेंबर, अमरावती

आज झालं ते असं:

१. मॉरिशसहून विमानाने मुंबई, तिथून रेल्वेने बडनेरा. सामान शाबूत.
२. राजापेठेत मंजुषाताईंच्या घरी वरची खोली मिळाली. खिडकीतून शिकवणीच्या वर्गांच्या पाट्या आणि खाली स्कूटरींची रांग दिसते.
३. नांदगाव पेठेतल्या कापडगिरणीत आमच्या कंपनीचं रंगाईचं यंत्र बसवायचं आहे. काम बावीस तारखेला सुरू. तोवर सुट्टी.
४. सुट्टीत भाड्याने गाडी घेऊन एकटीने फिरणार: अकोला, लोणार, परत. परवाना इथे चालतो. गाड्या आमच्यासारख्याच डावीकडून चालतात.
५. मी खूश आहे.

माझं मराठी शाळेत शिकलेलं. आमचे पूर्वज कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेले, त्यांच्याबरोबर गेलेली ही भाषा. इथली ऐकली की थोडं थांबावं लागतं. मंजुषाताई माझं बोलणं ऐकून हसल्या. म्हणाल्या, "तुमी तं बातम्या वाचून राहिल्या." मग माझ्या ताटात तिसरी भाकर वाढली आणि मी नको म्हणाल्याचं त्यांना ऐकूच आलं नाही.

१४ सप्टेंबर

मंजुषाताई आज अचानक माहेरी, चांदूर रेल्वेला निघाल्या. गल्लीतल्या आणखी तीन घरांना कुलपं लागली. चारही घरांतल्या बायका माहेरी. मी विचारलं तेव्हा, पितृपक्ष आहे, कामं असतात, एवढंच सांगितलं. जाताना म्हणाल्या, गल्लीत कुणाकडे जेवू नका, खानावळीत जा. पुढे म्हणाल्या, तुमचं लग्न झालेलं नाही ते बरंच आहे.

का, ते मी विचारलं नाही. मला कुणी खासगी विचारलेलं आवडत नाही, म्हणून मीही विचारत नाही.

१५ सप्टेंबर

गल्लीच्या टोकाला कुलदीप नावाचा माणूस गाड्या भाड्याने देतो. पांढरी छोटी गाडी घेतली. टायरची झीज, ब्रेक, दिवे तपासले. ओरखड्यांचे फोटो काढले. यांत्रिक दोष नाही. दोन नोंदी: आत अत्तर नको इतकं मारलेलं, आणि कव्हर फक्त डावीकडच्या पुढच्या सीटचं नवीन.

किल्ली घेताना त्याची आई, वच्छलाबाई, बाहेर आल्या. मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि विचारलं, "तुहा नवरा हाये ना जित्ता?"

मी हो म्हणाले. एकटी प्रवास करताना मी नेहमी हेच सांगते. पुढचे प्रश्न थांबतात. इथे थांबले नाहीत. तब्येत कशी, तिकडेच असतो का, जेवतो का नीट. मी सगळ्याला हो म्हणत गेले. त्यांचे डोळे भरून आले. पानावर बसायला कुणी मिळत नव्हतं, तू देवासारखी आलीस, असं म्हणाल्या.

मंजुषाताईंचं बोलणं आठवलं. पण म्हातारी माझा हात सोडेना. नाही म्हणणं असभ्य झालं असतं.

केळीचं पान, उडदाचे वडे, कढी, तांदळाची खीर. हिरवी साडी दिली, ओटी भरली, हातात बांगड्या चढवल्या. मी पानावर बसताना त्या म्हणाल्या, "ये साधना, जेव." मी म्हणाले, माझं नाव दामिनी. वच्छलाबाईंनी पानात खीर वाढली. कुलदीप दारात पाठमोरा उभा राहून फोनवर कुठली गाडी कधी मोकळी होईल ते सांगत होता.

खीर फार गोड होती. संपवली.

रस्ता सुरेख. दोन्ही बाजूंना कपाशी आणि तूर, मधे काळी ओली माती. मूर्तिजापूरच्या पुढे सीटबेल्टची घंटा वाजू लागली. डावी सीट रिकामी, बॅग मागे. बसलेल्याचं वजन पडलं तरच ती घंटा वाजते. सेन्सर बिघडला असावा. रिकाम्या सीटचा पट्टा लावून टाकला, घंटा थांबली.

१६ सप्टेंबर, अकोला

सकाळी गाडीचं दार उघडलं तर नासलेल्या दुधाचा वास. डावी सीट ओली होती. पाणी नव्हे, बोटांना चिकटणारं, कोमट. रात्रभर बंद गाडीत कोमट कसं राहिलं, कळत नाही. कव्हर काढलं. खालच्या फोमवर जुना पिवळट डाग, कडा हिरव्या. त्यावर फिनेल ओतून वर नवं कव्हर चढवलेलं. मी पेट्रोल पंपावर हात धुतले. मग पुन्हा धुतले.

एसीच्या जाळीत केस होते. ओढले तर येतच राहिले. लांब, तेल लावलेले. माझे केस मानेपर्यंतच आहेत.

संध्याकाळी उलटी झाली. खीर आली. दीड दिवसानंतर खीर पोटात असू शकत नाही. भाताची शितं अख्खी, बेदाणा अख्खा, दूध पांढरंच. आज सकाळी खाल्लेले पोहे त्यात नव्हते. मी काडीने ढवळून बघितलं. ते मी करायला नको होतं.

१७ सप्टेंबर

लोणारला गेले नाही. पोटात उजवीकडे, खाली दुखतं. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. सगळं साफ. त्यांनी दाबलं ती जागा अपेंडिक्सची. माझं अपेंडिक्स शाळेत असताना काढलेलं आहे, व्रण आहे. तिथे दुखायला काही शिल्लकच नाही. डॉक्टर म्हणाले, पित्त असेल.

अंघोळ करताना दिसलं: दोन्ही पायांच्या अंगठ्याशेजारच्या बोटांना खोल वळ पडले आहेत, वर्षानुवर्षं जोडवी घातल्यासारखे. वळात मळ. माझा नाही तो मळ. खरवडला, पुन्हा आला.

बांगड्या निघत नाहीत. साबण लावूनही नाही. साडी बॅगेतून बाहेर टाकली होती. दवाखान्यातून लॉजवर परत आल्यावर ती खाटेवर नीट घडी घालून ठेवलेली होती, आणि घडी मले —

मला घालता येत नाही तशी होती.

१८ सप्टेंबर

मंजुषाताईंना फोन केला. आधी बोलेनात. पोटाचं सांगितल्यावर बोलल्या. जसं सांगितलं तसं लिहिते.

साधना कुलदीपची बायको. एप्रिलमध्ये तिचं पोट दुखू लागलं, उजवीकडे, खाली. लग्नसराई होती, चारही गाड्या बुक. तो रोज म्हणे, गाडी मोकळी झाली की नेतो. शेजारणींनी रिक्षा आणली तर वच्छलाबाईंनी परत पाठवली. लोक काय म्हणतील, घरात चार गाड्या असून. शेवटी एक गाडी मोकळी झाली. तिला डाव्या सीटवर बसवलं, आणि वाटेत एका पार्टीला, म्हणजे गिऱ्हाइकाला, दुसऱ्या गाडीची किल्ली द्यायला तो थांबला. परत आला तेव्हा ती ओकून ओकून गेलेली होती. दुसऱ्या दिवशी तीच गाडी वरातीला गेली. धुऊन.

नवरा मागे ठेवून गेलेल्या बाईसाठी पितृपक्षातल्या नवमीला सवाष्ण जेवू घालतात. या गल्लीतल्या बायका मानतात की पानावर बसते ती सवाष्ण, पण जेवते ती गेलेली. जेवलेल्या सवाष्णीने घरी जाऊन स्वतःच्या नवऱ्याला आपल्या हाताने पहिला घास वाढायचा. तो संसार दुसरीचा आहे हे दिसलं की आलेली बाई माघारी फिरते. साधनाच्या पानावर बसायला कुणी तयार नव्हतं. म्हणून कुलपं.

मी सांगितलं, मी जेवले. नवरा आहे असं सांगून.

त्यांनी पुन्हा एकदा विचारून खात्री केली. मग म्हणाल्या, "अवो, काहून सांगितलं तसं? मंग ते साधना कोणापासून माघारी फिरन?"

कधीपर्यंत, मी विचारलं. अमावस्येपर्यंत. रविवार. त्या दिवशी सगळे परत जातात. ज्याला घर सापडलं तो जात नाही.

मी अशा गोष्टी मानत नाही. हे इथे लिहून ठेवते.

१९ सप्टेंबर, अमरावती

परत आले. सगळा रस्ता डावा पट्टा लावलेला. घंटा तरी वाजत होती — या वेळी माझ्या सीटची. मी बसलेली असताना, पट्टा लावलेला असताना, गाडीच्या लेखी उजवीकडच्या पट्ट्यात कुणीच नव्हतं.

वच्छलाबाईंना खरं सांगितलं. लग्न झालेलं नाही, कुणी नाही. त्या रागावल्या नाहीत. पदर नाकाला लावला. म्हणाल्या, "मंग ते कुठी जाईन? तिचं घर तं हेच हाये."

मग कुलदीपला म्हणाल्या, या बारीनं तरी दवाखान्यात ने.

त्याने फोन बघितला. उद्या लोणारची पार्टी आहे, गाडी बुक आहे. रविवारी पाहू. गाडीत डोकावून त्याने वास घेतला, तोंड वाकडं केलं, आणि अत्तराची बाटली काढून डाव्या सीटवर मारली. मारतच राहिला. खिशातच होती बाटली. एरवी तो रोज मारत असणार.

इतकी शिसारी मला खिरीचीही आली नव्हती.

२० सप्टेंबर

रिक्षा केली. इर्विन चौकातला दवाखाना सांगायचा होता. तोंडातून वच्छलाबाईंच्या या घराचा पत्ता निघाला. उतरले, दुसरी केली. तोच पत्ता.

पासपोर्टावरचं नाव मोठ्याने वाचलं. दामिनी. दामिनी. फोटोतली बाई कोण ते —

तोंडात सारखी खीर. थुंकते. केस येतात.

वच्छलाबाईंनी चहा आणला, सूनबाई म्हणाल्या. मी ओ दिली, जी आत्याबाई.

चूल कुठे, तेल कुठे, तिखटाचा डबा कुठल्या फळीवर — सगळं ठाऊक आहे. मी या स्वयंपाकघरात कधी —

दुपार

गाडी अजून दारात. पार्टी संध्याकाळची. मी डावीकडे बसली. पट्टा लावला. घंटा नाई वाजली.

अवो,

पोट लय दुखून राह्यलं. उजवीकडं, खाली. तुमी म्हणता तसं ओवा खाल्ला, नाई थांबत. सीट खराब नाई होऊ देत मी, पदरात धरून राहिली. तुमाले कामं हायेत, मले समजते. चारातली एक तं मोकळी होईन. आत्याबाईले सांगा, रिक्षावाल्याले या बारीनं परत नका पाठवू.

दवाखान्यात कवा नेता तेवढं रविवारपर्यंत सांगजा, म्हणजे मी —