हजेरी दोन

२९ सप्टेंबर, सोमवार. हजेरी २.
आश्रमशाळेतून निवृत्त होताना एक कोरं रजिस्टर मागून आणलं होतं. आज उघडलं. एकतीस वर्षं भटारखान्यात रोज तारीख, हजेरी, जेवण लिहिलं. सवय जात नाही. तेव्हा हजेरी तीनशेच्या वर असायची. आता जव्हारच्या घरी मी आणि बायको, भागी.
शनिवारी ती विहिरीपाशी शेवाळावरून घसरली. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर. डॉक्टरांनी विचारलं, घरी स्वयंपाक कोण करणार? मी छाती पुढे काढून सांगितलं, स्वयंपाकीच आहे मी. दुखत असतानाही भागी हसली.
दु. भात, डाळ. भात दोन घरांना वाटला, शेजारच्या शेळीला घातला, तरी उरला.

२ ऑक्टोबर, गुरुवार. हजेरी २.
मीठ मूठभर टाकायची सवय. डाळ फेकली. दुसरी केली.
भागी म्हणते, "भात नको आता. भाकर कर नागलीची." शाळेत नाचणीची काय, कुठलीच भाकर कधी केली नाही, तीनशे पोरांना कोण थापणार! घरी आयुष्यभर तिनेच केली, मी नुसती खाल्ली. थापता येत नाही हे तिला सांगितलं नाही. तिला माहीत होतं.
पहिली भाकर काठवटीतून उचलताना तीन तुकडे. दुसरी तव्यावर गेली पण परत आली नाही.

५ ऑक्टोबर, रविवार. हजेरी २.
भागीला नवीन नाद लागलाय. रिकामी बसून कंटाळते म्हणून मुलीने, सुनीताने, फोनवरच फोटो काढायला शिकवलं. डाव्या हाताने काढते. आकाश, कोंबडी, फुलं सोडून माझ्या भाकरीचे काढते आणि घरच्या ग्रुपवर टाकते. लिहायला जमत नाही म्हणून खाली बोलून पाठवते. आजचं असं: "ही पाहा तुझे बाची भाकर. शिरपामाळावरून खाली पाह्यलं का असाच मुलूख दिसतं."
नाशिकहून सुनीता, पोशेऱ्याहून माझा धाकटा भाऊ देवराम, त्याची बायको, सगळे हसणारे चेहरे पाठवतात. मी पण एक पाठवला. काय करणार.

११ ऑक्टोबर, शनिवार. हजेरी २.
शेजारचे गुरुजी म्हणाले, निवृत्त माणसाने छंद धरावा, सकाळी माझ्याबरोबर शिरपामाळाच्या टेकडीवर चला. गेलो. मुंबईच्या पाहुण्यांनी सहा वेळा फोन हातात देऊन फोटो काढायला लावले. सहाही वेळा माझं बोट आलं. चालणं बंद. भाकर हाच छंद.
आजची गोल नाही, पण अखंड. भागीने दोन खाल्ल्या. ग्रुपवर एवढंच बोलली: "आज फोटो नाय. खाल्ली."
बरं वाटलं. फार बरं वाटलं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार. हजेरी ३.
देवराम दिवाळीच्या बाजाराला आला. जाताना भागीच्या हातात नव्या नागलीची पुरचुंडी दिली. "वहिनी, पहिली कापणी. नवं तुझे हातानंच व्हायचं. पलस्तर निघंल त्याचे दुसरे दिवशी करू. तवर आम्ही पण नवं तोंडात घालत नाय."
आमच्या घराची रीत अशी की नव्या नागलीची पहिली भाकर थोरली सून थापते. ती कणसरीला, म्हणजे धान्याच्या देवीला, ठेवायची. मग घरातल्या सगळ्यांनी नवं खायचं. त्याआधी दाणाही नाही.
भागी म्हणाली, पुरचुंडी फडताळात ठेव. ठेवली.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार. दु. हजेरी २. सं. हजेरी १.
लिहायला नको वाटतंय. पण लिहितो.
सकाळी गिरणीत जायचं म्हणून डबे काढले. फडताळात पुरचुंडी दिसली, मूठ-दोन मूठ. शाळेत माझा एकच नियम होता: थोडकं उरलेलं आधी संपवायचं, नाहीतर पोरकिडे होतात. एकतीस वर्षांचा हात, डोक्याला विचारत नाही. जुन्यात ओतली आणि दळून आणली.
दुपारी भाकर थापली. पहिल्यांदा गोल. चंद्रासारखी गोल. फुगली सुद्धा! भागीने फोटो काढला, अर्धी खाल्ली, म्हणाली, "आज गोड लागतं रं, काय घातलंस?"
आणि तोंडातला घास तसाच राहिला. फडताळाकडे पाहिलं तिने.
"पुरचुंडी कुठं हं?"
मी गिरणीचा डबा पुढे केला. तिने उरलेली भाकर ताटात ठेवली, डाव्या हाताने, हळूच. तो फोटो ग्रुपवर गेलेला नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार. हजेरी १.
चहा घेते. गुरुजींच्या घरून आलेला भात खाते. माझ्या हातचं नाही. रागावली असती तर बरं होतं. म्हणते, "माझेच हातानं पहिलं कणसरीला जायचं, नि माझेच तोंडात पहिलं गेलं. आता हात कसा जुळंल?"
मी म्हटलं हाड डॉक्टरांनी बसवलंय, कणसरीचा काय संबंध. म्हटलं खरं. पण आतून हललो.
देवरामला फोन करून सांगितलं. लपवून काय उपयोग! तो म्हणाला, "दादा, तुला आख्खी शाळा खायला घालता आली, नि एक पुरचुंडी सांभाळता नाय आली?" खरं आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार. हजेरी १.
प्लॅस्टर निघालं. हात बारीक, पांढुरका, दुसऱ्या कोणाचा वाटावा असा. मूठ मिटत नाही. डॉक्टर म्हणाले हाड जुळलंय, बोटांना व्यायाम द्या, चेंडू दाबा. पूर्ण जोर येईल का, ते आज सांगता येणार नाही.
एस.टी.त पोशेऱ्यापर्यंत भागी हाताकडेच बघत होती. मी खिडकीबाहेर. चूक माझी, हात तिचा.

९ नोव्हेंबर, रविवार. पोशेरा. हजेरी १७.
सकाळीच चूल सारवलेली. देवरामच्या बायकोने नव्या नागलीचं पीठ मळून ठेवलं. भागी बसली. गोळा घेतला, तळवा टेकवला. दाब येईना. गोळा जागचा हलेना. तिने दोनदा केलं, तिसऱ्यांदा केलं. देवरामची बायको म्हणाली, "राहू दे जावबाई, मी थापतं. देवी काय बोलत नाय." भागीने मान हलवली. थोरलीने करायचं ते थोरलीनेच.
मी दारात उभा होतो. तिने मला हाक मारली.
"ये आत. नवं आधी तूच दळलंस ना, मग आता थाप."
चुलीपुढे पुरुष बसलेला पाहून बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. बाहेरून देवराम ओरडला, "दादा, तीनशे भाकरी नको करू!" मी थापायला लागलो. भागीने तिचा वाळलेला पंजा माझ्या हातावर ठेवला. जोर नव्हताच त्यात, नुसता ठेवला. थापण्याबरोबर तो वरखाली होत राहिला. म्हणून भाकर तिच्या हातची झाली, असं तिनेच ठरवलं. कोणी हरकत घेतली नाही.
कडेला फाटली. कणसरीला तशीच ठेवली.
मग सगळे जेवायला बसले. मी वाढत होतो. भागीच्या ताटात भाकर ठेवली आणि पुढे गेलो, बघायचा धीर नव्हता. परत आलो तेव्हा ताट रिकामं होतं. चुलीमागे जाऊन डोळे पुसले. धूर फार होता, हेही खरं.

१२ नोव्हेंबर, बुधवार. जव्हार. हजेरी २.
चेंडू आणला नाही. सकाळी पीठ मळलं की पहिला गोळा भागीकडे देतो, ती दाबते. घामाघूम होते, शिव्या देते, डॉक्टरांना नाही, मला.
आज गोळ्यावर तीन बोटं उठली. अंगठा आणि करंगळी नाही. बराच वेळ बघत बसली. मग डाव्या हाताने फोटो काढला, ग्रुपवर टाकला आणि बोलली: "ही माझे हाताची. अजून भाकर नाय झाली."
गोळा माझ्याकडे सरकवला. थाप म्हणाली.