अळणी पिठलं

भूम, मंगळवार, दिवेलागणीला

वार घातलास का वर, सुमे? परवाच्या पानावर विसरलीस. आजी अडाणी, अन् विसरायचं काम शिकलेल्या नातीकडं!

लिही. काशी गेली आज दुपारी. आमच्या सेवा मंडळाची पहिली बाई. तिच्या घरून आले, तर मंडळाच्या पोरी दारात. मंडळाचा इतिहास छापायचाय म्हणं. एकीनं वाचून दाखवलं, "मयताच्या घरी पहिल्या दिवशी अळणी पिठलं न्यायचं, ही मंडळाची जुनी रीत." मी हसले. अशा दिवशी हसले!

रीत कसली? तुझे आजोबा क्षयानं गेले, तवा आमची चूल बंद, लेकरं उपाशी. मयताच्या घरी न्यायचा कडू घास घेऊन कुणी आलं न्हाय. सगळी आळी दारं लावून बसली. काशी एकटी आली, फडक्यात आठ भाकरी अन् पिठलं घेऊन. घाईत मीठ घालायचं विसरली. म्या मुकाट्यानं खाल्लं. पुढं आमी दोघी मिळून मयताच्या घरी भाकरी न्यायला लागलो, तेच मंडळ. एकदा तिथंबी काशी मीठ विसरली. एका बाईनं विचारलं, "अळणी का?" ही बया म्हणाली, "दुःखाच्या घरी मीठ चालत न्हाय." अन् मला चिमटा काढून, "बोललीस तर बघ!"

पोरींना खरं सांगायचं व्हतं का? न्हाय सांगितलं. आता त्या विसरलेल्या मिठाचं ठाऊक असलेली मी एकटीच. लई टोचतंय.

असू दे. वही मिट. काशीच्या सुनेकडं आठ भाकरी अन् पिठलं पाठव. मीठ घालू नगं.