वच्छीच्या लुगड्यांची गोधडी

२ जाने., शुक्र., अकोला
हेडबाईंनी वर्गातून बोलावून घेतलं. अमरावतीला याच महिन्यात प्रदर्शन, बायकांच्या हातकामाचा वेगळा मंडप. गोधड्यांनाही बक्षीस. "तुमच्या आई शिवतात म्हणाला होतात ना? शाळेतर्फे एक तरी ठेवू." हो म्हटलं. मी कशालाही आधी हो म्हणते.

४ जाने., रवि., गावी
तिवशाच्या मोटारीनं आले. आईला आता सुई वहिनी ओवून देते. मोतीबिंदू पिकला नाही, एवढ्यात काढता येणार नाही म्हणतात. नवी गोधडी अर्धीच. पूर्ण अशी एकच, पेटीतली. वच्छीची.
वच्छी माझ्या पाठची. पहिल्या बाळंतपणात गेली, दोन वर्षं होतील. सासरहून तिची चार लुगडी परत आली. आईनं कोणाला नेसू दिली नाहीत, त्यांची गोधडी केली. तेव्हा डोळे चांगले होते. काय ते टाके! मला तीच हवी होती.
"थे नोको नेऊ, शांते."
"आठवड्या-दोन आठवड्यांत परत आणते."
"लोकं हात लावतीन."
"कोणी लावत नाही. मध्ये दोरी बांधतात."
शेवटी आपल्याच हातानं घडी घालून दिली. "मीबी येतो मंग पाह्यले."

१६ जाने., शुक्र., अमरावती
मांडामांड. गोधडीवरच्या चिठ्ठीवर फक्त शाळेचं नाव. आईचं घाला म्हटलं, तर प्रदर्शनाचे चिटणीस म्हणाले जागा नाही. ते वळल्यावर खाली पेन्सिलीनं लिहिलं, भागीरथीबाई.

१८ जाने., रवि., अमरावती
नीट लिहून ठेवायला हवं.
दादा आईला घेऊन दुपारी आला. आईनं दोरीखालून हात घालून गोधडी चाचपली, तर राखणीला उभी असलेली एक पोरगी खेकसली, "आजी, हात लावू नका!" आईनं हात काढून घेतला.
पहिलं बक्षीस आपल्याला. चांदीचा करंडा. इथपर्यंत सगळं छान.
पाहुणी नागपूरहून आलेली, मोठ्या साहेबाची मडम. गोधडीपाशी दोनदा थांबली, शिवण निरखली. ते पाहून चिटणीस उठले. वऱ्हाडच्या भगिनींची ही प्रेमाची भेट, असं काहीसं बोलले, घडी केली आणि तिच्या हातात दिली. कोणाला विचारलं नाही. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. का वाजवल्या?
आई कानाशी, "कोठी नेऊन राह्यले वं?"
"दाखवायला."
"मंग आणतीन ना?"
"हो."

१९ जाने., सोम.
सकाळीच चिटणीसांच्या घरी. "बाई, वऱ्हाडचा मान झाला हा. दिलेली वस्तू परत मागायची? शाळेला काय म्हणतील?"
वच्छीचं सांगितलं. जरा वरमले. मग म्हणाले, "तुम्ही तिथंच होतात. तेव्हाच का नाही बोललात?"
उठून आले.
आईला मोटारीच्या अड्ड्यावर खरं सांगितलं. रडली नाही. "तू मास्तरीण हायेस ना? तुले बोलता नाई आलं?" दादानं हाताला धरून वर चढवलं. मोटार सुटेपर्यंत माझ्याकडं पाहिलं नाही. करंडा माझ्याकडंच राहिला. त्याचं कोणी विचारलंही नाही.

२७ जाने., मंगळ., अकोला
मडमेला इंग्रजीत पत्र लिहिलं. हेडबाईंना दाखवलं. "पाठवू नका. पाठवायचंच तर शाळेच्या कागदावर नको." मग 'परत द्यावी'च्या आधी 'शक्य असल्यास' घातलं त्यांनी. साध्या कागदावर उतरवून टपालात टाकलं. आठ वर्षं मुलींना शिकवते आहे, वर्गात आवाज चढतो. तिथं मात्र...

१५ फेब्रु., रवि.
उत्तर नाही. दादाचं कार्ड. आई दिवसभर शिवते. दिसत नाही, नुसत्या अंदाजानं. बोटं टोचून घेते, वहिनीनं सुई लपवली तर जेवत नाही.
कशासाठी शिवते, ते लिहिलेलं नाही.

१ मार्च, रवि.
काल उत्तर आलं. चार ओळी, टाईप केलेल्या, खाली कारकुनाची सही. मडमसाहेब विलायतेला गेल्या. त्यांचं सामानही गेलं. पत्ता कळल्यास पत्र पुढं पाठवू.
आज सकाळच्या गाडीनं दादा आला, डोक्यावर गाठोडं. आत गोधडी. नवी. टाके बोट-बोट लांब, कुठं एकावर एक. काठाला रक्ताचे ठिपके, धुऊनही न गेलेले.
आईचा निरोप दादानं जसाच्या तसा सांगितला. "मडमले म्हणा, हे नवी हाये, जाड हाये, थंडीत कामाले येईन. थे जुनी तिच्या काय कामाची? हे ठेव आन् थे दे, म्हणा. काई फुकट नाई मागत."
त्याला पत्र वाचून दाखवलं. विलायत कोणीकडं, किती दिवसांची वाट, ते त्यानं विचारलं. मग बराच वेळ गाठोड्याच्या फडक्याची गाठ मारत आणि सोडत बसला.
"आईले काय सांगू मंग?"
"आधी जेवून घे."
जेवला. पाचच्या गाडीनं जायचं म्हणतो. आता ओसरीवर बसला आहे, वहाणा घालून. मला वाटतं मी मडमेला पत्र लिहिते आहे असं समजून थांबला आहे.