मोहाखालची अकरा रोपं

३ ऑगस्ट ८३
झाडांचा तक्ता आला एकदाचा. सफरचंद, देवदार, नारळ. बालवाडीतल्या एकवीस पोरांपैकी एकानेही यातलं काही पाहिलेलं नाही. मी तरी देवदार कुठे पाहिलाय! मुख्यसेविका (मु.से.) बाईंचं फर्मान: मुलांना झाडांची ओळख व गोडी लावावी. लावते. बोट ठेवून विचारलं, हे काय? सगळे एका सुरात: "चित्र!"

५ ऑगस्ट
तक्ता गुंडाळून माळ्यावर टाकला. पोरांना आवारातल्या मोहाखाली बसवलं. पळस, तेंदू, ऐन, सगळी झाडं पाठ आहेत कार्ट्यांना. पण प्रत्येकाचं एकच, "याचं काय होते, बाई?" उत्तरंही त्यांचीच: पळसाची पत्रावळ, तेंदूची बिडी, बाभळीचा दातून. नुसतं झाड म्हणून आवडत नाही का रे? सुमी म्हणाली (पाच वर्षांची, पण सगळ्यांची पुढारीण), "आवडते ना. मोह लय आवडते. गोड रायते." कपाळावर हात.

१२ ऑगस्ट
वरून अकरा रोपं आली. सुबाभूळ. मोहाभोवती गोल लावली, सावली राहील म्हणून. दोघांत एक झाड. सुमीने कोणाला वाटाच दिला नाही. तिची आजी कुंपणाशी उभी. "बाई, मोहाखाली कायले लावता? थे जागा साफ लागते." मी म्हटलं, शाळेचं आवार आहे, आजी. मोह आवारात असला तरी फुलं यांच्याच घरचे वेचतात म्हणे, पिढ्यान् पिढ्या. असू दे. म्हातारी हसली, "पाहा बा."

१४ डिसेंबर
थंडी. खोकला. मु.से. येणार म्हणून आवार सारवलं, आल्याच नाहीत. पण आज एक झालं. सुमी डब्याने पाणी घालत होती. मी मुद्दाम विचारलं, याचं काय होते गं? म्हणाली, "काही नाही होत. माह्यावालं हाये."
चार महिन्यांत पहिल्यांदा वाटलं, शिकवलं काहीतरी.

५ मार्च ८४
ताईच्या बाळंतपणासाठी आठ दिवस जवाहरनगरला होते. आज आले. मोहाखाली काळं रिंगण. अकराच्या अकरा जळाली.
पोरं धावत आली, तोंडं राखेने माखलेली. "बाई, आमी साफ केलं! पाला जाळला!" फुलं पडायच्या आधी दरवर्षी जाळतात, म्हणजे मातीवरची फुलं स्वच्छ वेचता येतात. म्हातारीने काडी लावली, पोरांनी पाला ओढला. मोहाची सेवाच केली त्यांनी. झाडाची सेवा करा, असं मीच तर घोकून घेतलं होतं.
सुमी सगळ्यात पुढे होती. मी तिला मारलं. गालावर. रडली नाही. "बाई, मी..." म्हणाली, मी ऐकून घेतलं नाही. ओरडत राहिले.

९ मार्च
सुमी चार दिवस नाही. मु.से.ची चिठ्ठी: २८ला रोपांची पाहणी. पाहा म्हणावं राख. राग येतोय. कोणावर, तेही धड कळत नाही. ऑगस्टमध्ये त्या म्हातारीचं ऐकलं असतं तर!

१५ मार्च
सुमीच्या घरी गेले. पोरगी मला बघून आत पळाली. आजीने पाट दिला, चहा दिला, एक शब्द वाकडा नाही. त्यानेच जास्त लागलं. मग न्हाणीजवळ घेऊन गेली. तिथे एक वाळकी काडी रोवलेली, भोवती ओलं आळं.
"आग लावाच्या पयले पोरीनं आपलं झाड उपटून आनलं. लागलं नाही थे. म्या म्हटलं, मेलं बापा. तरी रोज पानी टाकून रायली."
जिने वाचवलं, तिलाच मी मारलं. चहा तसाच राहिला.

२६ मार्च
मोह पडतोय. सकाळी सहालाच आवारात गेले. सुमी वेचत होती, टोपली तिच्याहून मोठी. मी शेजारी बसून वेचायला लागले.
मी म्हटलं, चुकले गं मी. तिने वर पाहिलं नाही. वेचता वेचता म्हणाली, "बाई, देठवाले घेऊ नका. आजी बोंबलते."
मग मी तिच्यासारखं वेचलं. ओंजळभर फुलं तिच्या टोपलीत टाकली. टाकू दिली.
"शाळेत येशील ना?"
टोपली डोक्यावर घेतली. अगदी आजीसारखी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मोह सरू द्या. मंग पाहू."
झाडावर अजून निम्मी फुलं आहेत. मु.से. परवा येतात.